खडे काढून रेती टाकली, त्याला आता 9 महिने झाले

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात मासोळ्यांच्या काचेच्या टाकीतले खडे काढले आणि रेती टाकली, आता पोळा तोंडावर आला. मधात आपला उन्हाळाही निघाला म्हणून आता लिहून राहिलो, नाहीतर पंधरा दिवसांतच एकदम मस्त वगैरे लिहिणारे बहुत आहेत.

टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच. गाव पवनी तालुक्यातलं, पाणी बोअरचं, काचेवर पांढरे डाग पाडणारं. आत 3 गोल्डफिश आणि 5 कुली लोच (गांडुळासारखी लांब, तळाशी राहणारी मासोळी). म्हणजे हिशोबानं 5, दिसायच्या दोनच, बाकीच्या मेल्या असं धरून चाललो होतो. खाली ते पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचं अंडरग्रॅव्हल फिल्टर (खड्यांखाली बसणारं, खड्यांतूनच पाणी गाळणारं) आणि त्यावर 3 इंच निळे-पांढरे खडे, दुकानदार पहिल्यांदा टाकी घेणाऱ्याला जे गळ्यात मारतो तेच.

बदलायचं कारण म्हणजे खडा अडकला. मोठी गोल्डफिश सकाळपासून तोंड वासून फिरत होती, मला वाटलं हवा कमी पडून राहिली म्हणून एअर पंप वाढवला. पोरगी म्हणे बाबा तिच्या तोंडात काहीतरी निळं आहे. खरंच होतं. हात ओले करून धरली, डोकं खाली केलं, गळ्याखाली अंगठ्यानं जरासं दाबलं तेव्हा खडा टपकन बादलीत पडला. त्याच दिवशी ठरवलं.

रेती विकत घेतली नाही. स्लॅबच्या कामाची वैनगंगेची रेती अंगणात पडून होतीच. आई म्हणे, "एवढ्या रेतीत तुळशीजवळचा ओटा झाला असता, मासोळ्याईले काऊन पाह्यजे रेती?" आधी मिस्त्रीच्या चाळणीनं मोठे गोटे काढले, मग रव्याच्या चाळणीनं बारीक धूळ काढली (ती चाळणी नवीन आणून द्यावी लागली, हा खर्च धरा) आणि चाळणीवर जे जाड्या रव्यासारखं उरलं तेच घेतलं. वाटीत चिमूटभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाकून पाहिलं, बुडबुडे आले तर त्यात चुना किंवा शिंपल्याचा चुरा आहे आणि पाणी अजून जड होणार, आपलं बोअरचं पाणी आधीच जड. दोन-चार शिंपल्याचे तुकडे निघाले ते वेचले. जुन्या स्पीकरचं चुंबक पन्नीत गुंडाळून रेतीतून फिरवलं तर काळी कणी चिकटून आली, ती काढाच, कारण फिल्टरच्या पंख्यात चुंबकच असतं आणि ही कणी तिथंच जाऊन बसते. दीड इंच थराला 17-18 किलो रेती लागली. घमेल्यात धुवायला घेतली तर चौदाव्या पाण्याला कुठं नितळ पाणी दिसलं, कंबरेचं काय झालं ते विचारू नका.

आता चूक सांगतो. सगळं एकाच दिवशी केलं. खडे उपसले, जाळी उचलली तर खाली दोन बादल्या चॉकलेटी गाळ, आणि त्या गाळात तीन कुली लोच वळवळत होत्या! रंग उडालेला, बारीक झालेल्या, पण जिवंत. म्हणजे पाचच्या पाच होत्या. त्या आनंदात गाळ वांग्याच्या वाफ्यात ओतला, जाळी काढून टाकली कारण रेती असली की ती फिल्टर चालतच नाही, फटी बुजतात किंवा रेती खाली झिरपते, आणि नवीन आत बसवायचं मोटरवालं फिल्टर लावलं. पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काचेसारखं झालं. तिसऱ्या दिवशी तिन्ही गोल्डफिश वर येऊन श्वास घेऊन राहिल्या. नागपूरहून अमोनियाची टेस्ट किट मागवली तर रंग गडद हिरवा, म्हणजे मासोळ्यांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया भरपूर. झालं असं होतं की घाण पचवणारे बॅक्टेरिया त्या खड्यांवरच राहत होते, खडेच माझं फिल्टर होतं, आणि ते मी उपसून कोपऱ्यात वाळत घातलं. नवीन फिल्टरचा स्पंज कोरा. सहाव्या दिवशी लहान गोल्डफिश गेली. त्यानंतर रोज पाणी बदलणं, दाणा जवळजवळ बंद, असं करत महिना गेला तेव्हा किट पिवळी दिसली, म्हणजे अमोनिया गेला. तुम्ही करणार असाल तर नवीन फिल्टर आधी महिनाभर जुन्या टाकीतच चालू ठेवा, आणि काढलेल्या खड्यांतले थोडे नायलॉनच्या मोज्यात बांधून काही आठवडे टाकीत लटकवून ठेवा. माझी मासोळी फुकट गेली नं यात.

रेतीवर घाण जास्त होते असं सगळे म्हणतात, मीही पहिले दोन महिने तेच म्हणत होतो. जास्त होत नाही, दिसते. खड्यात मी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन चिमट्या दाणा टाकायचो आणि तो फटींत जाऊन सडायचा, वरून टाकी चकाचक. रेतीवर तोच दाणा तसाच पडून दिसला तेव्हा कळलं की अर्धा माल मासोळ्या खातच नव्हत्या. आता एक चिमूट, दोन मिनिटांत साफ. तोच डबा तिपटीनं पुरून राहिला.

साफ करायची पद्धत मात्र बदलावी लागते. घाण ओढायची नळी खड्यात खुपसतो तशी खुपसली तर रेती सगळी बादलीत. रेतीच्या इंचभर वर धरून गोल फिरवायची, घाण उठते आणि ओढली जाते. तरी आठवड्याला मूठभर रेती जातेच, धुऊन परत टाकतो. फिल्टर आधी तळाला टेकवलं होतं, जानेवारीत घर्रर्र करून बंद पडलं, पंखा नवीन घ्यावा लागला, 220 रुपये. आता तळापासून चार बोटं वर आहे, आवाज नाही.

मे महिना वाईट गेला. पाणी 33 डिग्री, वरून दुपारी लाईट जायची, बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवून कसंतरी निभावलं. हे काही रेतीमुळं नाही, खडे असते तरी तेच. पण त्याच दिवसांत एका कोपऱ्यात गोल्डफिशनं खणून खणून रेतीचा चार इंचाचा ढीग केला होता, काचेतून काळा पट्टा दिसे, आणि हात लावला तर सडक्या अंड्याचा वास. थर जाड झाला की खाली हवा पोहोचत नाही, मग तो गॅस तयार होतो. नळीनं थोडं थोडं करून तो ढीग ओढून काढला. तेव्हापासून दर रविवारी खराट्याच्या काडीनं रेती हलकेच उकरतो. शिवाय ट्रम्पेट गोगलगाई सोडल्या, त्या दिवसभर रेतीत घुसून असतात आणि खालून नांगरत राहतात. सहा आणल्या होत्या, आता रात्री टॉर्च मारला की काचेवर मोजता येत नाहीत, हा वेगळा वैताग.

झाडांचं जमलं नाही, गोल्डफिश उपटून टाकतात.

पण पाहायला जी मजा आहे ती खड्यात नव्हती. मोठी गोल्डफिश तोंडभर रेती घेते, सुपारी चघळल्यासारखं करते, मग कल्ल्यांतून बारीक धार सोडते, दिवसभर हेच. कुली लोच फक्त तोंड बाहेर ठेवून रेतीत पुरून बसतात, रोज सकाळी पोरगी पाच तोंडं मोजते आणि मगच शाळेत जाते. निळे खडे धुऊन ठेवले होते विकायला, कोणी घेतले नाहीत, शेवटी आईनं तुळशीच्या बुडाशी पसरले. ओटा काय झाला नाही तिचा.