इटलीत कारशिवाय फिरायचंय: मुक्काम फ्लॉरेन्सला की बोलोन्याला?

आठवडाभर एकाच हॉटेलात राहून रोज नवं गाव पाहायचं ठरलं, की बहुतेकांचं बोट नकाशावर आधी फ्लॉरेन्सकडे जातं. बुकिंग करण्यापूर्वी एकच बघा: तुमच्या यादीतली गावं सपाटीवर आहेत की टेकडीवर? निम्मा निर्णय तिथेच होतो.

बोलोन्या सपाटीच्या कडेला वसलंय. रोमनांनी इ.स.पू. १८७ मध्ये बांधलेला व्हिया एमिलिया हा रस्ता रिमिनीहून पिआचेन्झापर्यंत जवळपास सरळ जातो आणि रेल्वेही त्याच्याच बाजूने धावते. त्यामुळे साध्या ‘रेजोनाले’ (थांबत जाणाऱ्या प्रादेशिक) गाडीने मोदेना अर्ध्या तासात आणि पार्मा तासाभरात येतं. दुसऱ्या फाट्यांवर फेरारा अर्धा-पाऊण तास, रावेन्ना साधारण सव्वा तास. खरा फायदा उतरल्यावर कळतो. मोदेनाचं कॅथीड्रल, फेराराचा किल्ला, रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधली मोझेइक, सगळं स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. जलद गाडीने मिलान सव्वा तासावर, व्हेनिस दीड तासावर. फ्लॉरेन्स तर ३५-४० मिनिटांत. मधल्या डोंगराखालून बहुतेक मार्ग बोगद्यातून जातो, तेव्हा खिडकीतून काही दिसेल ही आशा ठेवू नका.

फ्लॉरेन्सहून पिसा तासाभरावर आणि लुक्का सुमारे दीड तासावर, दोन्ही ट्रेनने सोपी. पण फ्लॉरेन्सच्या आसपासच्या टस्कनी प्रांताची देखणी गावं टेकडीवर आणि रूळ खाली दरीत. सिएनाला ट्रेन जाते खरी, पण स्टेशन गावाखाली आहे. तिथून सरकत्या जिन्यांच्या रांगेने वर चढावं लागतं. त्यापेक्षा फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्टेशनशेजारच्या बस स्थानकावरून ‘रापिदा’ (जलद बस) पकडावी. ती सुमारे सव्वा तासात जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. ‘ओर्दिनारिया’ (साधी बस) मात्र वाटेतली गावं घेत जाते आणि बराच जास्त वेळ खाते. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही. साधारणपणे पोज्जिबोन्सीला बस बदलावी लागते. इथे रविवारी फसगत होते. वेळापत्रकातलं ‘फेरिआले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार आणि सुट्टी. रविवारच्या फेऱ्या खूप कमी असतात, म्हणून जाण्याआधी परतीची शेवटची बस बघून ठेवा. यादीत अशी तीन-चार गावं असतील तर फ्लॉरेन्सलाच राहा. बोलोन्याहून रोज आधी फ्लॉरेन्स गाठायचं आणि मग बस, यात दिवस संपतो.

स्टेशनांचे स्वभावही वेगळे. बोलोन्यात १६ ते १९ हे जलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोलवर आहेत. फलाटाच्या आकड्यापुढे ‘ओव्हेस्त’ (पश्चिम) किंवा ‘एस्त’ (पूर्व) असेल तर तो मुख्य फलाटांपासून बाजूला असतो. गाडी बदलायला दहा-पंधरा मिनिटं हाताशी हवीतच. फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन टर्मिनस आहे, त्यामुळे फलाट शोधणं सोपं. पण काही जलद गाड्या तिथे न येता कांपो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या शहरातल्या दुसऱ्या स्टेशनांवर थांबतात. तिकिटावर ‘फिरेन्झे’च्या (फ्लॉरेन्सचं इटालियन नाव) पुढे काय लिहिलंय ते वाचा.

हॉटेल बोलोन्यात सहसा स्वस्त पडतं, पण मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या काळात भाव एकदम चढतात. मार्चमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं मोठं प्रदर्शन भरतं, वसंतात बालपुस्तकांचा मेळा असतो. त्या तारखा टाळा. शाकाहारी मंडळींनी बोलोन्यात तोर्तेल्लिनी (आत मांस) आणि तोर्तेल्लोनी (बहुधा रिकोटा चीज) यांत घोळ करू नये; शिवाय पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरलेला, वासराच्या जठरातला अर्क) असतंच. फ्लॉरेन्सला राहणार असाल तर बाहेरगावची फेरी सोमवारी ठेवा, कारण उफ्फीझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी कलासंग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

रेजोनालेचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. जलद गाड्यांचं तिकीट मात्र जितकं उशिरा, तितकं बहुधा महाग. रेजोनालेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून शिक्का उमटवायचा, मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करायचं. विसरलात तर दंड. संप वरचेवर होतात आणि आधी जाहीर होतात. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रेजोनाले गाड्या चालवाव्याच लागतात. बोलोन्याहून मोदेना किंवा फेरारा त्या वेळांत बसवता येतं. टेकडीवरच्या गावांची सहल मात्र संपाच्या दिवशी ठेवू नये.