पैशाला पैसा जुळवणारं डेसिमल

दूध संस्थांना बिलिंगचे प्रोग्रॅम लिहून देणं हा माझा धंदा. सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे सभासद, दोन दशांशांपर्यंत मोजलेले लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून तक्त्यातला दर, आणि दहा दिवसांनी पगार. मधला हिशोब सगळा अपूर्णांकांत, पण सभासदाच्या खात्यावर जमा होतात ते पूर्ण पैसे. अपूर्णांकाचा पूर्णांक करण्याच्या या एका कामासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं डेसिमल मॉड्यूल, म्हणजे दशांश हिशोबाचा तयार कोड, वापरते. पायथनबरोबर फुकट येतं, २.४ आवृत्तीपासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार.

हे मॉड्यूल न घेता भागतं का? पायथनच्या साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, १९.९९ ला १०० ने गुणून बघा. पडद्यावर १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. त्याला इंट, म्हणजे पूर्णांक करणारं फंक्शन, लावलं की १९९८. एक पैसा गेला. ०.२९ चे २८ होतात आणि ४.३५ चे ४३४. फ्लोट आतून द्विमान (शून्य आणि एकच्या) पद्धतीने साठवला जातो आणि १९.९९ त्यात नेमका बसत नाही, अगदी थोडा इकडेतिकडे होतो. इंटचा यात काही दोष नाही. दशांश चिन्हापुढचं कापायचं एवढंच त्याला ठाऊक; २.७ चे २, उणे २.७ चे उणे २. पण बरेच पेमेंट गेटवे रक्कम पैशांत, पूर्णांकातच मागतात, तिथे हे कापणं थेट खिशाला लागतं.

कापण्याची खोड अशी की ती नेहमी एकाच बाजूने खाते. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढायचे आणि तीन दशांशांपुढचं कापून टाकायचे. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. नीट हिशोब केला तेव्हा १०९८.८९२ निघाला! दर वेळी गेलं ते हजारांशापेक्षाही कमी. दुधाचं मापही दिवसातून दोनदा पडतं, आणि कापलेला अर्धा पैसा दर वेळी सभासदाचाच असतो.

मग पायथनचं राउंड, म्हणजे जवळच्या पूर्णांकाकडे नेणारं फंक्शन, वापरा की, असं कुणीतरी म्हणतंच. राउंडने १९९९ बरोबर येतात. पण राउंडला २.५ द्या, २ मिळतात, ३.५ द्या, ४ मिळतात. बरोबर अर्ध्यावर आला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो. मोठ्या बेरजा एका बाजूला कलू नयेत म्हणून ही रीत आहे आणि संख्याशास्त्रात ती रास्तच आहे. आपल्याकडे मात्र केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० स्पष्ट सांगतं: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पूर्ण रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या. म्हणजे ११२.५० चे ११३. राउंड ११२ देतो. कायद्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही.

डेसिमलमध्ये आकडा दहाच्या पद्धतीतच राहतो आणि पूर्णांकाकडे कसं वळायचं ते आपण सांगतो. वर, खाली, शून्याकडे, शून्यापासून दूर, अर्धा वर, अर्धा खाली, अर्धा समाकडे, आणि एक शून्य-पाचवालं विचित्र प्रकरण जे मला कधी लागलेलं नाही. असे एकूण आठ नियम. माझं पोट राउंड हाफ अपवर, म्हणजे ‘अर्धा वर’वर, भरतं. ७.३५ लिटर दूध, दर ३४.३०. गुणाकार नेमका २५२.१०५. क्वांटाइझला, म्हणजे डेसिमलच्या ठरावीक दशांशांवर आणणाऱ्या फंक्शनला, दोन दशांश आणि हाफ अप सांगितलं की २५२.११. नियम न सांगता सोडलं तर २५२.१०, कारण डेसिमलचा मूळ नियमही सम संख्येकडेच जाणारा आहे. हे वाचून बरेच जण दचकतील. मॉड्यूल घेतलं म्हणजे काम झालं असं नाही, नियम लिहावा लागतो.

हाफ अपबद्दल आणखी एक चांगलं. दूध परत गेलं किंवा कपात आली की रक्कम उणे होते. उणे २.५ चे इथे उणे ३ होतात, म्हणजे जमा आणि वजा दोन्ही बाजूंना सारखाच न्याय. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचं मॅथ राउंड उणे २.५ चे उणे २ करतं. जमेची नोंद आणि तिचीच उलट नोंद मिळून शून्य येत नाही, मग सचिव विचारतात की हा रुपया कुणाचा.

आता तक्रारी. आकडा अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यायचा. चिन्हं विसरून ०.१ तसाच दिलात तर डेसिमल फ्लोटमधला कचराही इमानदारीने उचलतं: ०.१००००००००००००००००५५५१ असं सुरू होऊन ५५ दशांशांपर्यंत जातं. बेरजेत फ्लोट मिसळला तर लगेच अडवतं, ते मला आवडतं; पण बनवताना मुकाट्याने घेतं, हे पटत नाही. एक सापळा तर तुम्ही सगळीकडे हाफ अप लावल्यानंतरही उरतो. दशांश किती हवेत ते न सांगता राउंड मारलात तर तो तुमचा नियम बाजूला ठेवून समाकडेच जातो. थेट पूर्णांक हवा असेल तर टू इंटिग्रल व्हॅल्यू या डेसिमलच्याच फंक्शनला नियम हातात द्यावा, मग इंट लावावं. शिवाय सुरुवातीला बसवलेला नियम नव्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात) आपोआप जात नाही. म्हणून मी तो प्रत्येक क्वांटाइझमध्येच लिहिते. टायपिंग वाढतं, पण वाचणाऱ्याला कोड उघडल्या उघडल्या कळतं की पैसा कुठे वळला.

वेगाची भीती बाळगू नका. पायथन ३.३ पासून आतलं काम वेगवान सी भाषेत होतं. फ्लोटपेक्षा हळूच आहे, पण एका संस्थेच्या बिलाला ते जाणवतही नाही. लाखो सेन्सरचे आकडे किंवा चित्रांचे पिक्सेल हाताळत असाल तर मात्र हे घेऊ नका, तिथे फ्लोटच बरा. सगळं पहिल्यापासून पैशांत, पूर्णांकातच ठेवा असा सल्लाही मिळतो. साठवायला तो उत्तम आहे आणि माझ्या डेटाबेसात पैसेच आहेत. पण दराला लिटरने गुणलं की अपूर्णांक येणारच, आणि नियम तिथेच लागतो.

चौकशीला सचिव बहुतेक एक्सेल उघडून बसतात. त्यांना सेलमधलं राउंडचं सूत्र वापरायला सांगा, ते हाफ अपशी जुळतं. मॅक्रोमधलं (एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधलं) राउंड नको, ते परत समाकडे जातं आणि अर्धा दिवस फरक शोधण्यात जातो.