७८० ग्रॅमच्या एसीत दीड किलो गॅस

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत भाजणारं हे गाव डिसेंबरात पहाटे ८ च्याही खाली जातं, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, थंडी सुरू झाली की त्यांचे गुडघे धरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची भीती, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खोलीत हॉट अँड कोल्ड एसी बसवला.

यंदा दिवाळी उरकल्यावर पहिल्यांदा हीटवर लावला. दिवा लागला, पण हवाच येईना. दीड-दोन मिनिटं वाट पाहून बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. हीट मोडला आधी आतली कॉईल तापते आणि मगच पंखा फिरतो, नाहीतर अंगावर गार वारा येईल. त्यात तीन-चार मिनिटं जातात, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी एसी बिघडला असं ठरवून मोकळी झाले. मोबाईलवर कंपनीचं नाव, कस्टमर केअर, धुळे एवढं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. वॉरंटी कार्ड त्याच खोलीतल्या कपाटात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला दोन पोरं हजर. कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र नाही. बोलायला मात्र इतकी गोड की सासूबाईंनी चहा ठेवायला लावला. एक जण गच्चीवर आउटडोअरकडे, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याकडे गेला, दुसरा खाली माझ्यासमोर. खालच्याने एसीचं झाकण उघडून फिल्टर काढला. आमच्याकडे हा कापसाचा हंगाम, जिनिंग सुरू, रस्त्याने कापसाच्या गाड्या. फिल्टरवर राखाडी तुसाचा थर असा बसला होता की नखाने उचलला तर पापुद्रा निघावा. तो त्याने नळाखाली धुतला आणि परत बसवला. याबद्दल चकार शब्द काढला नाही.

वरच्याने मला गच्चीवर बोलावलं. पाईपाला गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र लावलेलं. "ताई, काटा बघा. दीडशेला पाहिजे, शंभरावर आलाय. गॅस संपत आला. आज नाही भरला तर कॉम्प्रेसर बसेल." कॉम्प्रेसर हा शब्द ऐकला की आपण गार पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग फुस्स असा आवाज झाला, छोटा सिलिंडर जोडला, पाचेक मिनिटांत काम झालं. खाली येऊन हीट लावला. फिल्टर धुतलेला, या वेळी कुणी मध्येच बंद केला नाही, त्यामुळे थोड्या वेळाने ऊबदार हवा यायला लागली. मी चक्क त्यांचे आभार मानले.

बिल कोऱ्या कागदावर: गॅस दीड किलो ४,५०० रुपये, व्हॉल्व्ह सर्व्हिस १,८००, व्हिजिट ५००. एकूण ६,८००. पैसे यूपीआयने दिले तर स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुणा भलत्याच माणसाचं नाव. तिथेही मी थांबले नाही.

दहा-बारा दिवसांत हवा कोमट झाली. त्या नंबरवर फोन केला तर बंद. नेमका तेव्हा माझा शिंदखेड्याचा मावसभाऊ आला होता. तो सावद्याला केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवर कूलिंगचं काम बघतो. बिल वाचलं आणि काही न बोलता गच्चीवर गेला. आउटडोअरच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी असते, धुळीने माखलेली. ती त्याने रुमालाने पुसली आणि मला वाचायला लावली: आर-३२ (हा गॅसचा प्रकार), ७८० ग्रॅम. अख्ख्या मशीनमध्ये मावतो तेवढा गॅस ७८० ग्रॅम, आणि मी पैसे मोजले होते दीड किलोचे.

"गॅस काय दिवामझारलं तेल शे का, जयी जावाले?" तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे गॅस काय दिव्यातलं तेल आहे का, जळून जायला? बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती असते. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. आणि गेजवरचा काटा? बाहेरची हवा गार असली तर दाब तसाही कमी दिसतो, फिल्टर तुंबला असला तरी कमी दिसतो. सकाळी आठच्या गारव्यात कूलिंगवर चालवून शंभराचा काटा दाखवणं म्हणजे निव्वळ हातचलाखी. खरा मेकॅनिक गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, ग्रॅम मोजून भरतो. या पोरांकडे वजनकाटाच नव्हता.

मग त्याने साबणाचा फेस करून पाईपाच्या जोडांना लावला. ज्या व्हॉल्व्हला गेज लावलं होतं, तिथेच बुडबुडे. त्याचं टोपणही गायब होतं. म्हणजे जी गळती नव्हती ती त्यांनीच करून ठेवली, आणि त्या फुस्समध्ये माझाच गॅस गेला.

वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन केला तेव्हा कंपनीने सीरियल नंबर बघून सांगितलं की तुमची कुठलीच तक्रार नोंदलेली नाही, आमचा माणूस तुमच्याकडे आलेला नाही. त्यांच्या मेकॅनिकने जोड घट्ट केला, व्हॅक्यूम मारला म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली, आणि काट्यावर मोजून गॅस भरला. बाहेरच्या माणसाने उघडलेलं असल्यामुळे हा खर्च वॉरंटीत बसला नाही, आणखी २,८०० गेले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. तिथल्या बाईंनी पहिलं विचारलं, पैसे कधी गेले? पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर रक्कम खात्यात अडकवता आली असती. मी पंधरा दिवसांनी जागी झाले. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही म्हणतात, पण नोटीस पाठवायची कुणाला? टी-शर्टाच्या रंगाला?

पट्टीचा फोटो काढून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवलाय. फिल्टर आता दर पंधरा दिवसांनी मीच धुते, दहा मिनिटांचं काम आहे. तो नंबर काल पुन्हा शोधून पाहिला. अजून सगळ्यात वर तोच येतो, फक्त नावापुढे धुळ्याच्या जागी जळगाव झालंय.