टकरींतून एंटँगलमेंट: फोंड्यातील एका व्याख्यानवर्गाविषयी

फोंड्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात सलग चार रविवारी भरलेला हा मराठी व्याख्यानवर्ग मी शुल्क भरून पूर्ण केला, आणि बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतील १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनांच्या टकरींत क्वांटम एंटँगलमेंट, म्हणजे दोन कणांच्या अवस्था वेगवेगळ्या सांगताच येणार नाहीत इतके त्यांचे एकमेकांत गुंतलेले असणे, कसे तपासले गेले, हा त्याचा विषय होता.

पहिले दोन रविवार पूर्वतयारीत गेले. खरा आनंद तिसऱ्या रविवारी मिळाला. या टकरींत टॉप क्वार्क हा सर्वांत जड मूलकण आणि त्याचा प्रतिकण अशी जोडी तयार होते. दशांशचिन्हानंतर चोवीस शून्ये आणि मग पाच, एवढ्याच सेकंदात टॉप क्वार्क मोडतो. इतर क्वार्कांशी बांधला जाण्याआधीच तो मोडत असल्यामुळे त्याची फिरकी (स्पिन) त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या किंवा म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) दिशेत उतरते. हे समजावण्यासाठी व्याख्यात्या सरांनी जोडीतल्या दोन कणांच्या जागी दोन लिंबे घेऊन त्यांत माडाच्या झावळीचे हीर टोचले आणि प्रत्येक हिराची दिशा त्याचे लिंबू स्थिर मानून कशी घ्यायची, ते हातात धरून दाखवले. मग आम्ही सरावाच्या तक्त्यावरून दोन दिशांमधील कोनांच्या कोसाइनची सरासरी काढून तिला उणे तीनने गुणले. हे उत्तर उणे एक तृतीयांशाच्याही खाली गेले, तर त्या जोडीचे वर्णन दोन सुट्या कणांच्या साध्या सहसंबंधाने होऊच शकत नाही. अ‍ॅटलास या सर्नमधील प्रयोगाने २०१५ ते २०१८ च्या नोंदींमधून, जोडीचे वस्तुमान ३४० ते ३८० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असलेल्या टकरी निवडून, उणे ०.५३७ हे मूल्य मिळवले. उणे एक तृतीयांशाची मर्यादा प्रत्यक्ष मोजणीशी जुळवून घेतल्यावर सुमारे उणे ०.३२ होत होती. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेला हा आकडा हिशेबाच्या कागदासमोर ठेवून पाहताना अंगावर काटा आला.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. ‘आइन्स्टाइन चुकले हे सर्नने सिद्ध केले’ अशी जाहिरात आयोजकांनी केली होती, आणि शेवटच्या व्याख्यानातही बेलच्या असमानतेची गल्लत झाली. आइन्स्टाइनना अपेक्षित होते तसे कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि दूरच्या कणाचा तत्काळ परिणाम होत नसेल, तर सहसंबंधांवर जी मर्यादा पडते, ती बेलची असमानता. ती मोडणे ही एंटँगलमेंट दिसण्यापेक्षा अधिक कडक कसोटी आहे. गुंतलेली प्रत्येक अवस्था ती मोडतेच असे नाही, आणि टॉप क्वार्कांच्या या मोजणीने तसा दावाही केलेला नाही. ही असमानता मोडून दाखवणाऱ्या ज्या प्रयोगांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते फोटॉनांवरचे (प्रकाशकणांवरचे) होते. विद्यार्थ्यांसमोर हा फरक पुसला जाणे मला सहन होत नाही. पुढील वर्गाच्या आधी आयोजकांनी जाहिरात बदलावी आणि तिसऱ्या रविवारचा कोनांचा हिशेब दोन दिवसांत विभागून घ्यावा.