एसीचा गॅस 'संपला' म्हणणाऱ्याला आधी लीक दाखवायला लावा : नागपुरात आई-बाबांची झालेली फसवणूक

एसीमधला गॅस संपत नसतो. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमच्या घरून एकोणीस हजार चारशे रुपये गेले आणि त्याची सुरुवात 'गॅस संपलाय' या एका वाक्यापासून झाली. तो गॅस तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो, पेट्रोलसारखा जळत नाही. आपण घरातल्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरतो का? मग एसीत का भरायचा? कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न दाखवता जो भरतो म्हणतो तो एकतर अर्धवट काम करतोय किंवा सरळ खोटं बोलतोय.

आई-बाबा नागपूरला दोघंच असतात, मी पुण्यात. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, डावी बाजू अजून नीट चालत नाही, बहुतेक वेळ पलंगावरच. हॉलमध्ये कूलर आहे पण कूलरच्या ओल्या हवेने त्यांना खोकला होतो म्हणून त्यांच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी, २०१८ मध्ये घेतलेला, इन्व्हर्टर नाही, साधाच. एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी काय होतं ते तिकडच्यांना सांगायला नको, आणि नेमका तेव्हाच एसी थंड करेनासा झाला. वारा येतोय पण साधा पंख्यासारखा.

आईने फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर नागपूर असं बोलून शोधलं, सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर कॉल केला. पलीकडून कंपनीचंच नाव घेऊन नमस्कार, तक्रार लिहून घेतली, दोन तासात माणूस हजर. आता यात आईचं काय चुकलं मला कोणी सांगू नये, कोणीही हेच केलं असतं, वर आलेला नंबर खोटा असेल असं कशावरून वाटणार. नंतर कळलं की ती वर आलेली जाहिरात होती आणि कंपनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. खरा नंबर वॉरंटी कार्डवर छापलेला असतो आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतो. खऱ्या कंपनीत तक्रार केली की लगेच मेसेजवर तक्रार नंबर येतो, बऱ्याच कंपन्यांत काम झाल्यावर एक कोड पण येतो जो आपण खूश असलो तरच टेक्निशियनला द्यायचा. आईच्या फोनवर असलं काहीच आलं नव्हतं.

तर तो मुलगा आला, टी-शर्टवर कंपनीचा लोगो, बोलायला एकदम गोड. बाबांची तब्येत विचारली, आईने दिलेलं ताक प्यायला. आधी सर्व्हिस केली, आतला फिल्टर धुतला, गच्चीवरचं आउटडोअर पाण्याच्या पंपाने धुतलं. मग पाइपला प्रेशर मोजायचं गेज लावून आईला काटा दाखवला, "आंटी, गैस तो पूरा कम हो गया है, देखो." आई काय बघणार त्या काट्यात? मला नंतर समजलं की नुसता काटा दाखवण्याला काही अर्थच नाही. जुन्या आर-२२ गॅसचा एसी चालू असताना प्रेशर साधारण साठ-सत्तरच्या घरात असतं आणि आर-३२ चं त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे कुठला गॅस आहे हे न सांगता "बघा किती कमी" म्हणणारा तुम्हाला काहीही दाखवू शकतो. सर्व्हिसचे सहाशे आणि गॅसचे अठ्ठावीसशे घेतले. खोली मस्त थंड झाली, आईला वाटलं काम झालं.

खरं कारण असं होतं की आउटडोअरच्या मागच्या जाळीत धुळीचा थर बसला होता, आमच्या बाजूला बांधकाम चालू आहे, सगळी धूळ गच्चीवर. जाळी बंद झाली की आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? ती धुतली तेव्हाच एसी थंड करायला लागला होता, म्हणजे सहाशे रुपयात विषय संपला होता. त्याने गॅस खरंच घातला की नुसता सिलेंडर लावून उभा राहिला देव जाणे. आई म्हणते वजनकाटा काही नव्हता. आउटडोअरच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं, काम नीट करायचं तर आधी लीक शोधून बंद करायचं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि मग वजनकाट्यावर मोजून भरायचा. लीक बहुतेक नटच्या जॉइंटपाशी असतं, तिथे तेलकट डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता.

मे महिन्यात एसी परत बंद. यावेळी आतला पंखा फिरतोय, बाहेरचा पंखा पण फिरतोय, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर मात्र नुसता हुंऽऽ करून थांबतो. आईने त्याच मुलाला फोन लावला कारण त्याचा नंबर होता आणि तो आधी चांगला वागला होता. यावेळी दोघं आले. वायरमधला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, आपसात काहीतरी बोलले, मग आईला सांगितलं कॉम्प्रेसर जाम झालाय, बदलावा लागेल. आईने मला फोन लावून दिला. मी विचारलं वॉरंटी असेल ना, तर म्हणे मॅडम ते मॉडेल बंद झालं, कंपनी वॉरंटी देत नाही आणि दिली तरी पंधरा-वीस दिवस लागतील, पेशंट आहे ना घरात? बघा, हे वाक्य! बाबांची विचारपूस कशासाठी केली होती ते मला तिथेच कळायला हवं होतं असं लोक म्हणतील, पण समोर बाबा घामाघूम झालेले, आई रडकुंडीला आलेली आणि मी शेकडो किलोमीटर लांब, तेव्हा माणूस एवढंच म्हणतो की करा बाबा लवकर.

कॉम्प्रेसरचे साडेअकरा हजार, परत गॅसचे तीन हजार, काढणं-लावणं आणि नेणं-आणणं दीड हजार. आठ हजार ॲडव्हान्स घेऊन अख्खं आउटडोअर युनिट वर्कशॉपला घेऊन गेले. तोपर्यंत बाबांना हॉलमध्ये कूलरसमोर झोपवलं, खोकून खोकून रात्री झोप नाही. मग आणून लावलं, एसी चालू झाला, उरलेले पैसे घेतले. आईने जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो.

मी जूनमध्ये घरी गेले तेव्हा मला काही राहवेना. मी अलमारीतली फाइल काढली, वॉरंटी कार्डवर स्पष्ट लिहिलंय कॉम्प्रेसर १० वर्षं. म्हणजे २०२८ पर्यंत. कॉम्प्रेसर खरंच गेला असता तर कंपनीने तो फुकट दिला असता, फारतर गॅस आणि मजुरीचे पैसे लागले असते. मी कंपनीच्या खऱ्या नंबरवर फोन करून आमच्या एसीचा सिरियल नंबर दिला तर त्यांच्याकडे या वर्षी आमची एकही तक्रार नोंदलेली नव्हती.

मग आमच्या शेजारच्या काकांनी त्यांचा नेहमीचा मेकॅनिक पाठवला, फ्रिज-एसीचं छोटं दुकान आहे त्याचं, पन्नाशीचा माणूस, शांतपणे काम करणारा. त्याने आउटडोअरचं झाकण काढलं आणि मला बोलावलं, म्हणाला ताई हे बघा, कॉम्प्रेसर बदलायचा तर हे तांब्याचे पाइप गरम करून सोडवावे लागतात आणि नवीन बसवून परत ब्रेझिंग, म्हणजे रॉड वितळवून जोड, करावं लागतं, तिथे पाइप काळा पडतो, नवीन रॉडचा माल दिसतो. इथे सगळे जॉइंट कंपनीतून आले तसेच, त्यावर इतक्या वर्षांची धूळ आणि जुना रंग तसाच. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर सालसुद्धा आमच्या एसीचंच. म्हणजे कॉम्प्रेसर बदललाच नव्हता! नवीन काय होतं तर फक्त एक कपॅसिटर, चकचकीत, वेगळ्या ब्रँडचा. साध्या एसीत कॉम्प्रेसर सुरू करायला आणि चालवायला तो लागतो, उन्हाळ्यात गरमीने आणि व्होल्टेज वरखाली झालं की तो जातो, मग कॉम्प्रेसर हुंऽऽ करतो आणि सुरू होत नाही. तो म्हणाला पार्ट आणि मजुरी धरून पाच-सहाशेचं काम, गच्चीवर उभ्या उभ्या वीस मिनिटांत होतं.

मग त्याने आईला एक प्रश्न विचारला, त्यावर मी सुन्न झाले. युनिट खोलून नेण्याआधी त्यांनी एसी थोडा वेळ चालवला होता का? आई म्हणाली हो चालवला ना, बाहेरचं चांगलं घरघरत होतं. तर ते पंपडाउन. एसी चालू ठेवून पाना लावून व्हॉल्व बंद करतात, सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो आणि मग पाइप सोडवतात. हे कॉम्प्रेसर चालू असल्याशिवाय होतच नाही. म्हणजे त्यांनी कपॅसिटर आमच्याच गच्चीवर बदलला, कॉम्प्रेसर ठणठणीत चालतोय हे डोळ्यांनी पाहिलं, गॅस आतच साठवला आणि युनिट उचलून नेलं. काही न करता ठेवून दिलं आणि परत आणलं. तीन हजाराचा गॅस म्हणजे आमचाच गॅस आम्हाला विकला, आणि त्यासाठी एका आजारी माणसाला तेवढे दिवस उकाड्यात ठेवलं. पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय.

बिल म्हणून जे दिलंय त्यावर एक सर्व्हिस सेंटरचं नाव आणि मोबाईल नंबर, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. यूपीआयचे पैसे तिसऱ्याच कोणाच्या खात्यात. मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली, नंबर मिळालाय. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर पण फोन केला, त्यांनी माहिती घेतली. पोलीस स्टेशनला आधी म्हणाले सर्व्हिसचा वाद आहे, ग्राहक कोर्टात जा, मग मी मेकॅनिककडून लेखी घेतलं आणि जॉइंटचे, प्लेटचे फोटो लावून अर्ज दिला, न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तेव्हा अर्ज घेतला आणि पोच दिली. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं चांगलं आहे पण नोटीस पाठवायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे एक बंद मोबाईल नंबर. म्हणून सांगते, पाना लावू देण्याआधी पत्ता आणि जीएसटी नंबर असलेलं बिल मिळेल का विचारा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, एकूण १५ अक्षरं, जीएसटीच्या साइटवर टाकलं की नाव-पत्ता लगेच दिसतो. जो टाळाटाळ करेल त्याला तिथूनच परत पाठवा.

कॉम्प्रेसर किंवा कुठलाही महाग पार्ट गेला म्हणाला तर युनिट घराबाहेर जाऊ देऊ नका, आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, दोनशे-तीनशे व्हिजिट चार्ज गेला तरी चालेल. प्लेटचा, आतल्या पाइपांचा फोटो काढून ठेवा. जुना पार्ट घरातच राहिला पाहिजे, वॉरंटीत कंपनीने बदलला तर ते जुना नेतात, पण तेव्हा तुम्ही त्याचे पैसे देत नसता. तुम्ही पैसे दिलेत तर जुना तुमचा. इन्व्हर्टर एसीवाल्यांना हेच पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डच्या नावाने करतात, बोर्ड काढून नेतात आणि तोच पुसून परत आणतात, त्यामुळे बोर्डवर मार्करने सही करून ठेवा.

आमच्याच गल्लीतल्या एका काकूंना असंच कॉम्प्रेसर गेला सांगून जुना एसी तीन हजारात नेला आणि नवीन लावून दिला. बऱ्याच स्प्लिटसोबत तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट पाइप बॉक्समध्येच येतो, तरी त्यांच्या बिलात पंधरा फूट पाइपचे वेगळे पैसे, आणि भिंतीवर मोजलं तर सगळा मिळून नऊ फूट. तो जुना एसी खरंच गेला होता का हे आता त्यांना कधीच कळणार नाही.

माझ्या तक्रारीला अजून उत्तर आलेलं नाही. नागपुरात मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या भागात कोणाला कंपनीच्या नावाने असा माणूस येऊन गेला असेल आणि बिलावर पत्ता नसेल, पैसे वेगळ्याच नावाच्या खात्यात गेले असतील, तर बिल फेकू नका. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर काढा, खात्यावरचं नाव लिहा आणि १९१५ वर आणि जवळच्या पोलीस स्टेशनला आपली वेगळी तक्रार द्या. माझा एकटीचा अर्ज फाइलमध्ये पडून राहील, त्याच खात्याच्या नावावर चार-पाच अर्ज आले तर त्यांना बँकेकडून पत्ता काढावाच लागेल.