८ महिने एलईडी वापरून: बटण बंद, तरी मिणमिणणारा पडवीतला बल्ब

दिवाळीत घरातले ६० चे चार पिवळे बल्ब काढले आणि ९ वॅटचे एलईडी लावले. तेव्हाच लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या.

कारण पडवीतला बल्ब. बटण बंद केलं तरी मिणमिणायचा, दिवसा कळत नव्हतं पण रात्री सामसूम झाली की काजव्यासारखा दिसायचा. आई अंथरुणावरून रोज आवाज द्यायची, "हाऊ दिवा बंद नही व्हयना का रे?" मी उठून बटण खालीवर करायचो, तरी तेच. माल खराब म्हणून दुकानात नेला तर दुकानदार म्हणे पेटतोय ना, मग बदलून कसा देऊ. दोन चकरा झाल्या, भांडण झालं, शेवटी चिडून नवा घेतला तर तोही मिणमिणला!

मग वायरमन बोलावला. त्याने बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. बटणावर फेजच्या (करंट आणणाऱ्या वायरीच्या) जागी न्यूट्रल (परतीची वायर) आणलेला होता, घर बांधलं तेव्हापासून. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमधे करंट असायचाच, आणि त्यातला थोडासा बल्बमधून झिरपायचा. तेवढ्याशा करंटने जुन्या बल्बची तार तापत नाही म्हणून कधी कळलंच नाही, एलईडीला मात्र थेंबभर करंटही पुरतो. त्याच होल्डरमधे मी बटण बंद आहे या भरवशावर पावसाळ्यात ओल्या पडवीत उभं राहून कितीदा बल्ब बदललाय, आठवून अंगावर काटा आला. दहा मिनिटांत वायरी बदलल्या, मिणमिण बंद. दुकानदाराला जाऊन सांगून आलो की चूक माझ्या घरात होती.

बिलाचं सांगतो. चार बल्ब, प्रत्येकी ५१ वॅट कमी, रोज ५ तास, म्हणजे दिवसाला एक युनिट आणि महिन्याला ३०. आमचं १२० युनिटच्या आसपास यायचं ते थंडीत ९० वर आलं, आणि १०० च्या पुढे दर कसा चढतो ते बिल भरणाऱ्याला माहीतच आहे. एप्रिलमधे कूलर लागला आणि युनिट पुन्हा वर गेले, पण पत्र्याच्या खोलीत फरक कळला. साठच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, आणि आपल्या अमळनेरच्या उन्हाळ्यात ती कोणाला हवीय.

एक बल्ब मे महिन्यात गेला, तो बंद काचेच्या गोळ्यात होता. आत हवा खेळत नाही, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं बल्बच्या आतलं सर्किट) तापून जातो, तिथे उघडा होल्डरच ठेवा. घेताना नुसते वॅट बघू नका, खोक्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा.

पारोळ्याला बहिणीच्या मोरीतला बल्बही असाच मिणमिणतो म्हणे. रविवारी वायरमनला घेऊन जातोय, तोवर तिला सांगितलंय की मेन बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावू नको.