लोकलचा पास की एसटीचा: महिन्यात किती दिवस जाता, त्यावर ठरवा

पास म्हणजे स्वस्त, हे लोकलला जितकं खरं आहे तितकं एसटीला नाही. मुंबई उपनगरी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ ते २० एकेरी तिकिटांच्या पैशांत येतो, म्हणजे आठ ते दहा दिवस जाऊन-येऊन केलं की तो वसूल. एसटीचं गणित वेगळं आहे: २० दिवसांचं जाण्यायेण्याचं भाडं भरा, ३० दिवस फिरा. एकविसाव्या दिवसाआधी तुमच्या हाती काहीच लागत नाही.

समजा एसटीचं एकेरी भाडं ५० रुपये आहे. मासिक पास २,००० रुपयांना पडेल. पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्याला जाऊन-येऊन २२ फेऱ्या, म्हणजे रोजच्या तिकिटांचे २,२००. वाचले २०० रुपये, आणि एक सण नि एक आजारपण आलं की तेही गेले. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर १३ दिवसांचे १,३०० होतात; तिथे पास काढणं म्हणजे सरळ तोटा. लोकलला मात्र तेवढ्याच १३ दिवसांत पास आरामात परवडतो.

आता मुदत. एसटीचा त्रैमासिक पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस चालतो. वरच्या उदाहरणात तो ५,००० चा, तर तीन मासिक मिळून ६,०००. रोज जाणाऱ्याने एसटीत मासिकाच्या वाटेला जाऊच नये.

रेल्वेत त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट, वार्षिक १०.८ पट. भागाकार करून पाहा: तिन्हींत सूट तीच, दहा टक्के. वर्षाचे पैसे आधी भरून जास्त काही सुटत नाही, फक्त रांग वाचते. नोकरी किंवा घर बदलण्याची शक्यता असेल तर तीन महिन्यांपुढे जाण्यात अर्थ नाही.

प्रथम वर्गाचा जुना हिशेब डोक्यात असेल तर तो पुन्हा मांडा. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट जवळपास निम्म्यावर आलं, पासाचे दर तेच राहिले. अधूनमधून प्रथम वर्गाने जाणाऱ्याला आता सुटं तिकीट पूर्वीइतकं टोचत नाही.

विद्यार्थ्यांना सवलत दोन्हीकडे आहे. रेल्वेच्या पासावर ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के, एसटीत ६६.६७ टक्के, म्हणजे भरायचा तो एक तृतीयांशच. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. अडचण येते ती कागदांत. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या सही-शिक्क्याचा लागतो आणि तो घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन एवढ्यापुरताच असतो. क्लास दुसऱ्या टोकाला असेल तर तिथलं तिकीट वेगळं. एसटीचे पास जून २०२५ पासून थेट शाळा-कॉलेजातच द्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा आगारात रांग लावण्याआधी शाळेत विचारा.

राज्यातल्या महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. रोजच्या २२ फेऱ्या अर्ध्या तिकिटाने केल्या तर खर्च ११ दिवसांच्या पूर्ण भाड्याइतका. २० दिवसांच्या पूर्ण भाड्याचा पास त्यापुढे महागच.

लोकलच्या पासात चुका बहुतेक तारखेच्या आणि मार्गाच्या होतात. नूतनीकरण मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीपासून करता येतं. मोबाइलवर नवा पास काढलात तर तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे सोमवारी सकाळी फलाटावर उभं राहून काढलेला पास त्या दिवशी कामाचा नाही. स्क्रीनशॉट चालत नाही. पास ॲपमध्येच उघडून दाखवावा लागतो. ठाणे ते अंधेरीसारखा गाडी बदलून होणारा प्रवास असेल तर पासावर दादरमार्गे लिहिलंय ना ते पाहा. आणि पास संपतो त्या स्टेशनापुढे जायचं असेल तर तिथून पुढचं तिकीट आधी काढा, नाहीतर किमान २५० रुपये दंड, वर भाडं.